हजेरीपटातून खोडलेल्या फाइली

मुलांनो, एक सोपा प्रश्न. बाईंनी हजेरीपटातून एखाद्याचं नाव खोडलं, तर तो मुलगा त्याच क्षणी बाकावरून गुप्त होतो का?

हसलात ना? नाव खोडलं तरी मुलगा बाकावरच बसलेला असणार! बाई हजेरी घेताना त्याचं नाव पुकारणार नाहीत, एवढंच. हे उत्तर जरा लक्षात ठेवा. २०२५ च्या पावसाळ्यात याच उत्तराने माझी लाज राखली. कशी, ते सांगते.

आमची शाळा भोर तालुक्यात, नीरा-देवघर धरणाच्या बाजूच्या डोंगरात. दोन शिक्षक, चार वर्ग. पावसाळ्यात वीज येते कमी आणि जाते जास्त. माझा लॅपटॉप २०१६ सालचा. नोकरी लागली तेव्हा हप्त्यांवर घेतलेला, म्हणजे नऊ वर्षांचा म्हातारा. जुलैतल्या एका संध्याकाळी दिवे दोनदा मोठे झाले, दोनदा बारीक झाले आणि लॅपटॉप जो बंद पडला, तो पडलाच. बटण दाबलं, पुन्हा दाबलं, चार्जर बदलून पाहिला. साधा दिवासुद्धा लागेना.

तालुक्याच्या गावी दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने मागचं झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाला, "मॅडम, बोर्ड गेला. याच्यावर पैसे घालू नका, नवीन घ्या."

"आणि आतलं सगळं?"

"ते विसरा आता."

विसरा! तुमच्या गृहपाठाची वही पावसात भिजली आणि कुणी 'विसरा' म्हणालं, तर तुम्ही नाचाल. मला मात्र रडू आलं. कारण दोनच दिवस आधी सातवीतली एक मुलगी घरी आली होती. पूर्वी ती माझ्या वर्गात होती. नाव सांगत नाही, तिला लाजायला होईल. दारातच उभी राहून म्हणाली, "बाई, माझ्या आजीचा आवाज आहे ना तुमच्याकडे? पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. बाबा म्हणाले, ऐकायचा आहे."

हा आवाज माझ्याकडे कसा आला? २०२२-२३ साली ती मुलं चौथीत असताना आम्ही एक उपक्रम केला होता. प्रत्येकाने घरच्या किंवा शेजारच्या आजीला बोलतं करायचं आणि मोबाइलवर रेकॉर्ड करायचं. जात्यावरच्या ओव्या, शेतांची नावं, धरण होण्याआधी गाव कुठे होतं, लहानपणीचे खेळ, काहीही. सव्वीस मुलांनी एकेचाळीस रेकॉर्डिंगं आणली. मोबाइल भरला म्हणून मी ती सगळी लॅपटॉपवर घेतली आणि मोबाइलमधून काढून टाकली. आता तुम्हीच सांगा, त्या मुलीला मी काय म्हणणार होते?

'आहे ना, देते,' असं म्हणून बसले होते!

आधी डिस्क, मग दुकान

माझा भाचा पुण्याला डिप्लोमाला आहे. त्याला फोन केला. म्हणाला, "मावशी, तू आधी रडू नकोस आणि आधी नवीन लॅपटॉपही घेऊ नकोस. जुना भंगारात देऊ नकोस म्हणजे झालं. लॅपटॉप मेला म्हणून डिस्क मेली असं थोडंच आहे? स्वयंपाकघराला आग लागली तर कोठीतले तांदूळ जळालेच असं असतं का?"

आईबाबांनो, इथे तुम्ही कान द्या. लॅपटॉप बंद पडला की आपण घाईघाईने दुकान गाठतो, जुना लॅपटॉप 'एक्स्चेंज'मध्ये हजार-दीड हजाराला देऊन टाकतो आणि घरी आल्यावर फोटो आठवतात. क्रम उलटा हवा. आधी फाइली, मग खरेदी.

भाचा रविवारी आला. जुन्या लॅपटॉपची बॅटरी त्याने आधी सोडवली, मग चार स्क्रू काढून डिस्क बाहेर घेतली. (मुलांनो, हे काम मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय करायचं नाही. फुगलेली बॅटरी दिसली तर मोठ्यांनीही हात लावायचा नाही, ती जाणत्याकडेच न्यायची.) डिस्क केवढी असेल? तळहातावर मावेल एवढी, साधारण दहा सेंटिमीटर लांब, सात रुंद. तिच्यात एक टेराबाइट, म्हणजे एक लाख कोटी बाइट मावतात. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क विक्रीला आणली, तेव्हा तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या. ते धूड कपाटाएवढं होतं आणि त्यात मावत होती जेमतेम पन्नास लाख अक्षरं. आज मोबाइलने काढलेला एक चांगला फोटो ती सगळी जागा खाऊन टाकेल!

डिस्कच्या आत चकचकीत तबकड्या असतात. त्यांच्यावर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो आणि त्यात बारीक बारीक जागी चुंबकाची दिशा या बाजूला किंवा त्या बाजूला वळवून माहिती लिहितात. माझी डिस्क मिनिटाला ५,४०० वेळा फिरणारी. करा बरं भागाकार, सेकंदाला किती झाले? नव्वद! तबकडीवरून एक छोटंसं वाचक टोक तरंगत जातं, आणि दोघांमधलं अंतर तुमच्या केसाच्या जाडीच्या हजारांश भागाहून फार जास्त नसतं. म्हणून डिस्क आपटली किंवा आतून टक्-टक् असा ठेका धरल्यासारखा आवाज यायला लागला, तर ताबडतोब बंद करायची. तेव्हा घरचे प्रयोग नकोत. प्रत्येक प्रयत्नात टोक तबकडी खरवडत असतं.

माझी डिस्क टकटकली नाही. भाच्याने काही शे रुपयांची एक वायर आणली होती. एका बाजूला डिस्क लागते, दुसरं टोक दुसऱ्या लॅपटॉपच्या यूएसबीत. लावली, आणि काय सांगू! दहा सेकंदांत माझे सगळे फोल्डर पडद्यावर. गुणपत्रकं होती, सहलीचे फोटो होते, माझ्या लग्नाचा अल्बमसुद्धा होता. दुरुस्तीवाल्याचं 'विसरा' हवेत विरलं.

फक्त आज्यांचं फोल्डर नव्हतं.

नवीन फोल्डर (३)

आता कबुली देते. चूक विजेची नव्हती, माझी होती. एप्रिलमध्ये निकालाच्या गडबडीत डिस्क भरली होती, लाल पट्टी दिसत होती. मी भराभर नको ते काढायला बसले. त्यात एक होतं 'नवीन फोल्डर', एक 'नवीन फोल्डर (२)' आणि एक 'नवीन फोल्डर (३)'. वाटलं, रिकामेच असतील. तिन्ही उडवले आणि वर शहाणपणा म्हणून रीसायकल बिनही साफ केली. आज्या तिसऱ्यात होत्या. वर्गात मुलांनी वहीवर नाव घातलं नाही की मी ओरडते, आणि माझ्या फोल्डरला नाव नाही!

एक प्रत शाळेच्या पेनड्राइव्हवर होती. तो पेनड्राइव्ह मीच २६ जानेवारीच्या गाण्यांसाठी कोरा करून घेतला होता.

भाचा मात्र म्हणाला, "मावशी, डिलीट केलं म्हणजे काय केलं, माहिती आहे का?" आणि मग त्याने मला हजेरीपटाचं उदाहरण दिलं. शिक्षिकेला हजेरीपट शिकवतो म्हणजे बघा!

डिस्क म्हणजे एक अफाट मोठा वर्ग समजा. त्यात कोट्यवधी बाक आहेत आणि एकेका बाकावर साधारण ४,०९६ बाइट बसतात. कोणती फाइल कोणत्या बाकापासून कोणत्या बाकापर्यंत बसली आहे, हे एका हजेरीपटात लिहिलेलं असतं. आपण फाइल डिलीट करतो तेव्हा संगणक बाकांपर्यंत जाण्याचे कष्टच घेत नाही. हजेरीपटात खूण करतो, 'हे बाक आता रिकामे समजावेत.' फाइल तिथेच बसलेली असते. ती जाते कधी? नवीन फाइल त्याच बाकावर येऊन बसते तेव्हा.

म्हणजे लक्षात येतंय ना? चुकून काही डिलीट झालं तर पहिलं काम म्हणजे हात वर! त्या डिस्कवर नवीन काही लिहायचं नाही. गाणं उतरवायचं नाही, फोटो टाकायचे नाहीत, फाइली शोधण्याचं सॉफ्टवेअरसुद्धा त्याच डिस्कवर घालायचं नाही. आणि सापडलेल्या फाइली ठेवायच्या दुसऱ्या डिस्कवर. नाहीतर शोधायला आलेली माणसंच हरवलेल्याच्या बाकावर बसायची.

मी एप्रिल ते जुलै तोच लॅपटॉप वापरत होते. तीन महिने नवे विद्यार्थी येऊन बसत होते. किती आज्या उठवल्या गेल्या असतील, देव जाणे.

हजेरीपटातलं खोडलेलं नाव कधी कधी पुसटसं वाचता येतं. तसं काही मिळतं का ते आधी पाहिलं. नाही मिळालं. मग भाच्याने फोटोरेक नावाचं सॉफ्टवेअर लावलं. ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसाने ते लिहिलं आणि जगाला फुकट दिलं. नावात फोटो असला तरी ते आवाज, चित्रफिती, कागदपत्रं असं बरंच काही शोधतं. त्याची युक्ती ऐका. ते हजेरीपट बाजूला ठेवतं आणि एकेका बाकापाशी जाऊन गणवेश बघतं! प्रत्येक प्रकारच्या फाइलचा एक गणवेश असतो. पीडीएफ फाइलच्या अगदी सुरुवातीला टक्केवारीची खूण आणि पी-डी-एफ ही अक्षरं असतात. जेपीजी फोटोची सुरुवात ठरावीक बाइटनीच होते. गणवेश दिसला की समजायचं, इथून एक फाइल सुरू झाली.

पण गणवेशावर नाव कुठे असतं? नाव तर हजेरीपटात होतं. त्यामुळे सापडलेल्या फाइलींना नावं नसतात. एक इंग्रजी अक्षर आणि पुढे लांबलचक आकडा, बस्स.

डिस्क रात्रभर चालली. आम्ही जेवून झोपलो. भाच्याचा लॅपटॉप जागा होता.

अंतराळातून पडलेली डिस्क

तेवढ्यात तुम्हाला एक खरी गोष्ट सांगते. कल्पना चावला तुम्हाला माहीत आहेत. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया अंतराळयान पृथ्वीवर परत येताना फुटलं आणि कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले. त्या यानात झेनॉन वायूवरचा एक प्रयोग होता. वायू ढवळला तर त्याचा दाटपणा कसा बदलतो, हे पाहणारा. प्रयोगाची काही माहिती उड्डाण चालू असतानाच खाली पाठवली गेली होती, बाकीची यानातल्या हार्ड डिस्कवर होती. ती डिस्क अवशेषांमध्ये सापडली तेव्हा जळून काळी झाली होती, आत माती गेली होती. पण तबकड्या वाकल्या नव्हत्या. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी त्या धुऊन दुसऱ्या सांगाड्यात बसवल्या आणि जवळजवळ ९९ टक्के माहिती वाचून काढली. त्या प्रयोगाचा निबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. तेवढ्या उंचीवरून पडलेली डिस्क बोलली, तर माझी का नाही बोलणार?

अर्थात त्या डिस्कवर नंतर कुणी तीन महिने निकालपत्रकं लिहिली नव्हती, हेही खरं.

दुकानात काय बघायचं

फाइली शोधून होईपर्यंत नव्या लॅपटॉपची चौकशी सुरू केली. माझ्या हातात होते वीस हजार. त्यात नवा कोरा मिळतो का? मिळतो. पण त्याच्या पोटात डोकावा. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा. विंडोज ११ चालायला कमीत कमी एवढंच लागतं, म्हणून दुकानदार म्हणतो, "चालेल की!" चालेल, पण कसा? तुम्हाला दप्तरासकट एका पायावर उभं केलं तर तुम्हीही उभे राहाल. शिवाय अशा स्वस्त लॅपटॉपमध्ये रॅम आणि साठवण दोन्ही बोर्डावर डकवलेली असते. पुढे वाढवता येत नाही, आणि बोर्ड गेला तर डिस्क काढून आणायची सोयच नाही. माझ्यासारखीला हे ऐकल्यावर ते नकोच झालं.

मग दुसरा रस्ता. मोठ्या कचेऱ्या तीन-चार वर्षांनी आपले लॅपटॉप बदलतात. ते तपासून, पुसून पुन्हा विकायला येतात. त्यांना 'रिफर्बिश्ड' म्हणतात. कचेरीसाठी केलेली ही यंत्रं दणकट असतात. बिजागऱ्या मजबूत, कळफलक चांगला, आणि बऱ्याच मॉडेलांत रॅम नि डिस्क बदलता येते. माझं मत विचाराल तर कमी पैशांत शाळकरी मुलांसाठी हाच रस्ता बरा. मात्र डोळे उघडे ठेवून.

पहिली फसगत 'आय-फाइव्ह' या शब्दाची होते. दुकानदार सांगतो, "आय-फाइव्ह आहे, ताई!" आपण खूश. पण आय-फाइव्ह २०१५ चाही असतो आणि २०२० चाही. खरी गोष्ट त्यापुढच्या आकड्यात असते. समजा लिहिलंय ६३००, तर पिढी सहावी. ८२५० असेल तर आठवी. १०२१० असेल तर दहावी, ११३५ असेल तर अकरावी. मुलांनो, हे काम तुम्ही करा, बाबांना दुकानात आकडा वाचून दाखवा! आठवी पिढी का महत्त्वाची? कारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरांनाच मायक्रोसॉफ्ट विंडोज ११ साठी मान्यता देते, अगदी थोडे अपवाद सोडले तर. आणि विंडोज १० चं नेहमीचं मोफत संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं. मी दुकानात गेले तेव्हा ते तीन महिन्यांवर आलं होतं, आणि तरी सहाव्या पिढीचा लॅपटॉप मला 'एकदम लेटेस्ट' म्हणून दाखवत होते.

दुसरी गोष्ट बॅटरी. जुन्या लॅपटॉपची बॅटरी किती थकली आहे हे तो लॅपटॉप स्वतःच सांगतो. शोधाच्या पट्टीत सी-एम-डी टाइप करून काळी खिडकी उघडायची. तिच्यात पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी लिहायचं, एक जागा सोडायची, उजवीकडे झुकणारी तिरकी रेघ द्यायची आणि तिला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट' हा शब्द इंग्रजीत, एकसलग. एंटर दाबलं की एक अहवाल तयार होतो आणि तो कुठे ठेवलाय तेही तिथेच दिसतं. त्यात दोन आकडे शोधायचे. बॅटरी नवी असताना किती वीज मावत होती आणि आता किती मावते. मी पाहिलेल्या एका लॅपटॉपचे आकडे होते ४५,००० आणि १६,०००. काढा टक्केवारी! पस्तीस-छत्तीस येते ना? तो ठेवून दिला. दुसऱ्याचे होते ४५,००० आणि ३१,०००. एकोणसत्तर टक्के. तो घेतला.

मी दुकानात तासभर बसले. नोटपॅड उघडून प्रत्येक कळ दाबली. पडदा पांढराशुभ्र करून डाग शोधले. कॅमेरा, माइक, वायफाय पाहिलं, यूएसबीच्या प्रत्येक भोकात पेनड्राइव्ह घालून पाहिला. झाकण दहा वेळा उघडमिट केलं. चार्जर काढून वीस मिनिटं चालवला. लॅपटॉप सुरू होताना पासवर्ड मागणारं जुन्या कंपनीचं कुलूप तर शिल्लक नाही ना, तेही विचारलं. दुकानातला मुलगा शेवटी कंटाळून चहा प्यायला गेला. जाऊ दे, पैसे माझे होते. पक्कं बिल घेतलं, त्यावर लॅपटॉपचा सीरियल नंबर आणि सहा महिन्यांची वॉरंटी लिहून घेतली. बिलाशिवाय कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. तो कुणाच्या घरातून उचललेला असेल, सांगता येत नाही.

आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. साडेअठरा हजाराला पडला. उरलेल्या पैशांत बाहेरून लावायची एक डिस्क घेण्याचं ठरवलं, थोडी पदरमोड झाली.

ज्यांच्याकडे आणखी जुना लॅपटॉप आहे आणि पैसे अजिबात नाहीत, त्यांनी तोही लगेच टाकू नये. लिनक्स ही संगणक-प्रणाली फुकट आहे. फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली तिची सुरुवात केली. लिनक्स मिंट किंवा उबुंटू पेनड्राइव्हवर घालून, लॅपटॉपमधलं काहीही न पुसता आधी चालवूनही बघता येतं. मराठी टाइप करता येतं, लेखन, गणित, इंटरनेट सगळं चालतं.

एसएसडीची एक खोड

नवा लॅपटॉप चालू केला आणि मी थक्क झाले. जुना सुरू व्हायला चहा उकळेपर्यंत वेळ घ्यायचा, हा बारा-पंधरा सेकंदांत तयार. ही एसएसडीची करामत. तिच्यात तबकडी नाही, टोक नाही, काहीच फिरत नाही. सगळं मेमरीच्या चिपांमध्ये. हातातून निसटला तरी आतलं काही खरवडलं जाण्याची भीती नाही.

पण भाच्याने हसू आवरत सांगितलं, "मावशी, यात नवीन फोल्डर तीन डिलीट करू नकोस हं. यात माझंही काही चालणार नाही." कारण एसएसडीत शिपाई फार तत्पर आहे! आपण फाइल डिलीट करून रीसायकल बिन रिकामी केली, की संगणक एसएसडीला लगेच कळवतो, 'एवढे बाक रिकामे झाले.' या निरोपाला ट्रिम म्हणतात. आणि एसएसडी सवड मिळताच ते बाक खरोखरच झाडून-पुसून ठेवते. म्हणजे जुन्या फिरत्या डिस्कवर खोडलेली फाइल महिनोन्‌महिने बसून राहू शकते, एसएसडीवर ती बहुधा थोड्याच वेळात नाहीशी होते. लॅपटॉप चांगला झाला, पण चुकीला माफी कमी झाली.

आणखी एक. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्कला आपोआप सांकेतिक कुलूप लागतं. चोराने डिस्क काढून नेली तर त्याला काही वाचता येऊ नये म्हणून. छानच आहे. पण उद्या बोर्ड जळला आणि आपणच डिस्क काढून दुसरीकडे लावली, तर आपणही त्या कुलपासाठी चोरच! ४८ आकडी किल्ली मागते. ती किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. मी ती पाहून डायरीत लिहून ठेवली. मुलांनो, हे काम तुमच्या घरी आज संध्याकाळी करून टाका. आईबाबांना खाते उघडायला सांगा, आकडे तुम्ही उतरवा, सहा-सहाचे आठ गट आहेत.

पिक्सार कंपनीचा 'टॉय स्टोरी २' पाहिलाय ना? १९९८ साली त्याचं काम चालू असताना कुणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि पडद्यावरची पात्रं, खोल्या, सगळ्या फाइली एकामागून एक पुसल्या जायला लागल्या. राखीव प्रत होती, पण ती नीट चालत नव्हती, आणि हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं! वाचवलं कुणी? गॅलिन ससमन या तंत्रज्ञ बाईंनी. घरी तान्हं बाळ, म्हणून त्या घरून काम करायच्या आणि घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. तो संगणक पांघरुणात गुंडाळून, गाडीत घालून स्टुडिओत आणला. बाळामुळे सिनेमा वाचला म्हणा ना!

कोणाची आजी?

सकाळी उठून पाहिलं तर फोटोरेकने चार हजारांहून जास्त फाइली काढल्या होत्या. सगळ्या बिननावाच्या. त्यात संगणकाचे टिंग-टाँग आवाज, लावण्या, बालगीतं, आमच्या घरच्या हळदीचा गोंगाट. आवाजाच्या तीनशेच्या वर. त्यातून फार लहान होत्या त्या बाजूला काढल्या, गाणी काढली. तरी शंभरेक उरल्या. एक लावली. कुणीतरी आजी पेरणीबद्दल बोलत होती. छान बोलत होती. पण कोणाची आजी?

मला कशी ओळखू येणार! मी सातवीतल्या त्या सगळ्यांना निरोप धाडला. दोन रविवार आमच्या ओटीवर वर्ग भरला. उंच झालेली, आवाज फुटलेली मुलं मांडी घालून बसली आणि मी एकेक फाइल लावत गेले.

"ही आमची!" "नाही, ही वरच्या आळीतली, ती 'व्हय की' असं म्हणते." "अरे, मागे आमची म्हैस ओरडतेय!" एका मुलाने घड्याळाच्या ठोक्यांवरून घर ओळखलं. एकाला स्वतःचाच बारीक आवाज ऐकून इतकं हसू आलं की तो बाहेर पळाला. एकेक नाव कळलं की दुसरी मुलगी फाइलला लगेच नाव द्यायची, आजीचं, नातवाचं आणि साल.

ती मात्र पहिला रविवारभर गप्प बसली. तिची आजी लागलीच नाही. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते.

दुसऱ्या रविवारी दुपारी एक फाइल लावली. आधी नुसती खरखर, मग कुणीतरी खोकलं. अजून शब्द आला नव्हता, आणि ती म्हणाली, "आजी." सगळी मुलं चूप झाली. सहा मिनिटं चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग होतं. आजीने दोन ओव्या म्हटल्या, मध्येच कोंबड्यांना हाकललं, मग नातीला म्हणाली, बंद कर आता ते, भाकरी करपते. ते सगळं पूर्ण होतं. एक अक्षर तुटलेलं नव्हतं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी तिचे बाबा पेनड्राइव्ह घेऊन आले. मी म्हटलं, पेनड्राइव्हवर एक घ्या, पण भरवसा ठेवू नका, तुमच्या मोबाइलवर एक ठेवा आणि मुंबईला तिच्या मामांना एक पाठवा. माझ्याकडे बाहेरच्या डिस्कवर एक आहेच. ती डिस्क आता शाळेच्या कपाटात असते, लॅपटॉप घरी. एकाच छपराखाली दोन्ही नकोत.

एकूण हिशेब असा. एकेचाळीसपैकी तेहतीस आज्या पूर्ण मिळाल्या. तीन अर्धवट, दोन मिनिटं बोलून मग नुसती खरखर. पाच नाहीत. त्या पाच मुलांच्या घरी मी स्वतः गेले. तीन आज्या पुन्हा बोलल्या, त्यातल्या एकीने तर या वेळी जास्तच सांगितलं. एक आता ऐकत नाही, बोलतही नाही. पाचव्या घरी आजी उरली नव्हती. तिथे मी चहा घेतला आणि खरं ते सांगितलं.

पूर्ण मिळालेल्या तेहतीसमधली एक आजी मात्र अजून कुणालाच ओळखू आलेली नाही. ती धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या विहिरीबद्दल बोलते, पोहरा, रहाट, चिंचेचं झाड. विचारणाऱ्या मुलाचा आवाज येतच नाही. त्या फाइलला आम्ही 'चिंचेची आजी' असं नाव दिलं आहे, आणि या वर्षीची चौथीची मुलं ती मोबाइलवर घेऊन एकेका घरी ऐकवत फिरताहेत.